सर म्हणले, चारला हादरा

सर, मी हल्ली नांदेडला बसून संगणकाला शिकवते. तुम्हाला हे खरं वाटणार नाही, कारण गणितात मला काठावर पास करता करता तुमचा घसा बसला होता. हा संगणक दिवसभर इंटरनेटवरची पानं वाचतो आणि जगाबद्दल स्वतःची मतं बनवतो. ती बरोबर की चूक, ते मी सांगायचं. गेल्या आठवड्यात त्यानं ठामपणे लिहून ठेवलं की लातूरजवळच्या आपल्या मुरुडला सुंदर समुद्रकिनारा आहे. कोकणातलं मुरुड आणि आपलं मुरुड त्याच्या लेखी एकच. पुरावा म्हणून वर चाळीस पानं. एकेक पान मागं मागं तपासत गेले, तर सगळ्यांनी एकाच पानावरून उतरवून घेतलेलं. मी 'चूक' दाबलं आणि एकटीच हसत बसले. हे मागं मागं जाणं मी तुमच्याकडूनच शिकलेय.

भूकंपानंतरचे दिवस होते. ताटली पडली तरी माणसं घराबाहेर पळायची. अशात एका दुपारी अख्खी गल्ली शाळेच्या मैदानात येऊन बसली, चारला पुन्हा हादरा आहे म्हणून. कुणी शिलाई मशीन आणलेली, कुणी शेळी; शेजारच्या चाचींनी तर अर्धी शिजलेली खिचडी पातेल्यासकट. तुम्ही प्रत्येकाला एकच विचारत निघालात, "तुला कुणी सांगितलं?" मी तुमच्या मागं. चाची म्हणाल्या, किराणावाल्यानं. किराणावाला म्हणाला, पोस्टमननं. पोस्टमन तुमच्याकडंच बघत राहिला.

"सर, तुमीच म्हणला म्हनं. चारला हादरा हाय."

म्हणाला तर होतातच. सकाळी वर्गात तोंडी परीक्षेची वेळ सांगताना म्हणालात, "चारला एकेकाला हादरा देतो, बगा." ते आठवलं तसा तुमचा चेहरा उतरला. ओट्यावर चढून तुम्ही हात जोडलेत. "चूक माझी हाय. असल्या दिवसात मास्तरनं तोंड सांभाळावं. घरी चला." लोकांनी ऐकून घेतलं आणि चार वाजून गेल्यावरच उठले.

त्या दिवसापासून तुम्ही 'हादरा मास्तर'. पुढं लातूरला क्लासच्या पाट्या एकीवर एक चढायला लागल्या, तेव्हा तुम्हीही घरी शिकवणी काढलीत. आईबाप हसून म्हणायचे, "हादरा मास्तरकडं कशाला? लातूरला धाडू की." दोन वर्षांत शिकवणी बंद पडली. मीही लातूरलाच गेले.

पोस्टमनपाशी तुम्ही थांबलात, सर. "तुला कुणी सांगितलं?" हे आणखी एकदा विचारलं असतंत, तर त्यानं तुमच्या पाठीमागं उभ्या असलेल्या माझ्याकडं बोट केलं असतं. परीक्षेचं तेवढं गाळून मीच त्याला सांगितलं होतं, शाळेच्या फाटकाशी. अभ्यास झाला नव्हता, एवढंच. तुम्ही गेलात, पोस्टमनही आता नाही. हे मी इंटरनेटवर टाकलं तरी उपयोग नाही; एकट्या माणसाचं सांगणं संगणक खरं धरत नाही. म्हणून हे पत्र कुठंच जाणार नाही.

ओट्यावर तुम्ही हात जोडलेत, तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. परीक्षा टळली म्हणून बरं वाटलं होतं.