जरा बरं नाही, एवढंच

९ फेब्रुवारी, सोमवार
नातीची हळद शुक्रवारी. माझ्या लेकाने, दिलीपने, आज व्याह्यांना फोनवर सांगून टाकलं, आईला जरा बरं नाही, हळदीला आतल्या खोलीतच बसेल. मी समोर बसून मोगरा ओवतेय. ठणठणीत.
कारण साखरपुडा. व्याह्यांचं पोट बघून एवढंच म्हटलेलं, "व्याहीबुवा, लग्न पोरांचं, नि दिवस तुम्हाला गेले?" मनवेलपाड्याची फ्लॅटातली माणसं. कोणी हसलं नाही. दिलीपचं तोंड बिटासारखं.

१० फेब्रु.
कस्तुरी, म्हणजे नवरीच, म्हणते, आजी, पाहुण्यांनी विचारलं तर इंग्रजीत सांग. अंडर द वेदर. नाहीतर ऑफ कलर. एवढ्या-तेवढ्या आजारपणाला असंच म्हणतात म्हणे. म्हटलं, इंग्रजांचं अंग मोडून येत नाही का गं? आणि हगवण लागली की काय म्हणतात? पोरगी लोळली हसून. सूनबाईने दार लावून घेतलं.

११ फेब्रु.
चहाच्या टोपाला डावा हात लागला. कातडी लाल. भाजल्याचं कळलंच नाही. दोन बोटं सकाळपासून मेलेली. तेल चोळलं.
सांगितलं तर दिलीप म्हणणार नाटक. नाहीतर घाबरून दवाखान्यात टाकेल, लग्न पुढे जाईल. गप्प बसले. भीती वाटायला हवी होती. काहीच वाटलं नाही.

१२ फेब्रु.
आता कोपरापर्यंत. पदर उजव्या हाताने खोचते. कोणाचं लक्ष नाही, मांडव घालतायत. बरंय.

१३ फेब्रु., हळद
आमच्या आळीत व्याह्याच्या नावाने पहिली शिवी नवरीच्या आजीची, गाण्यातून. मग हळद. आणि मी आत.
उष्टी हळद घेऊन व्याह्यांची आई आली ती सरळ खोलीत. "काय हो विहीणबाई, कसलं आजारपण काढलंत? आमचा बाळू स्वतःच्या पोटाचं ते अजून सगळ्यांना फोन करून सांगतोय. चला बाहेर. तुमच्या शिव्या ऐकायला आलेय मी."
वा गं बाई.
गेले. दोन ओळी खणखणीत. तिसरीला जीभ जड. ओठाचा डावा कोपरा खाली. बायकांना वाटलं, नक्कल करते म्हातारी. पोट धरून हसल्या. व्याही सगळ्यात मोठ्याने. दिलीप नाही हसला.

१४ फेब्रु., शनिवार
लग्न अकराला. आत्ता सात. जीभ सुटलीय, हात नाही.
दिलीप तोंड न धुताच खोलीत आला. "आई, काल ती नक्कल नव्हती ना?"
मी वही पुढे ओढली.
"आई, डावा हात वर कर बघू."
दारात उभा आहे. बाहेर कस्तुरीला नेसवतायत, हसणं ऐकू येतंय. म्हटलं, थांब रे, एवढं लिहून होऊ दे.