ओटीपी तुझ्याकडे येतो

प्रिय पोरी,

पत्र बघून दचकू नकोस. अक्षर एवढं मोठं आहे ते रागाने नाही, मला आता एवढंच दिसतं म्हणून. जाड टोकाचं काळं पेन आणलंय, खोक्यांवर पत्ते लिहायला वापरतात तसलं, आणि एका पानावर जेमतेम नऊ-दहा ओळी मावतात. पाकीट जाडजूड झालं तर आत काही भानगड आहे असं समजू नकोस. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं कसं चालतं ते तुला माहीतच आहे. मी "हं, सांग" म्हणते, तू आकडे सांगतेस, मग दोघी इकडचं तिकडचं बोलतो, आणि खरं बोलायचं होतं ते फोन ठेवल्यावर मला सुचतं.

आधी खुशाली सांगते. परवाच्या मंगळवारचं इंजेक्शन नीट झालं. डावा डोळा होता तिथेच आहे, सुधारला नाही पण बिघडलाही नाही, आणि या आजारात यालाच पास होणं म्हणतात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उजव्याची परीक्षा पुढच्या खेपेला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका रोज सकाळी मला वर्तमानपत्र वाचून दाखवतात. न पटलेली बातमी त्या सरळ गाळतात, त्यामुळे हल्ली जग मला बरंच सुधारल्यासारखं वाटतं.

मी चष्म्याच्या दुकानात बसून लोकांना बारीक अक्षरं दाखवत आले आणि शेवटी माझेच डोळे गेले, यावर तुझे सासरे असते तर पोट धरून हसले असते. ते नंबर काढायचे, मी फ्रेमी दाखवायचे. तीस वर्षं. पण माझं काहीतरी चुकतंय हे कळलं तुला. आठवतं? न्हाणीघरात नव्या फरशा बसवल्या होत्या आणि मी गवंड्याच्या नावाने शंख करत होते, की मेल्याने मधली ओळ वाकडी लावली. तू बाहीने हात पुसत आलीस, भिंतीकडे बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस, आणि अगदी हळू म्हणालीस, "आई, ओळ सरळ आहे. मी दिवसभर हेच मोजते." जमिनी मोजणाऱ्या बाईशी वाद कोण घालणार? त्याच दुपारी तू रजा टाकून मला डोळ्यांच्या हॉस्पिटलात घेऊन गेलीस. आठवडाभर उशीर झाला असता तर काय झालं असतं, ते डॉक्टरीणबाईंनी मला नंतर सांगितलं. तुला मी ते कधी सांगितलं नाही. आज सांगते. उजव्या डोळ्याने मला आजही माणसांचे चेहरे दिसतात, ते त्या तुझ्या एका वाक्यामुळे.

त्या दिवशी काउंटरवर नाव नोंदवताना त्यांनी मोबाइल नंबर मागितला. माझ्याकडे तेव्हा बटणांचा फोन, तोही बहुतेक वेळा कपाटात. तू तुझा नंबर दिलास. तिथला सगळा कारभार ऑनलाइन. आधी त्यांच्या साइटवर जाऊन बिल भरायचं, मगच इंजेक्शनची वेळ पक्की होते. तू शनिवारी माझ्या शेजारी सोफ्यावर बसायचीस, माझं कार्ड हातात घ्यायचीस आणि एकेक पायरी मोठ्याने बोलत भरायचीस, मी शिकावं म्हणून. मी मान डोलवायचे आणि काहीही शिकायचे नाही. शिकायची गरजच काय होती? तू होतीस.

मग ते वर्ष आलं. चिरंजीवांना दुसऱ्या शहरातली नोकरी हवी होती, तुला इथलं काम सोडायचं नव्हतं. पुढचं तू जगलीस, मी कशाला उगाळू? फक्त एक गोष्ट उगाळणार आहे, कारण ती माझी आहे. तू तुझी पुस्तकं न्यायला आलीस तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले नाही. आले नाही एवढंच नाही, आतून म्हणाले, "जरा नमतं घेतलं असतंस तर ही वेळ आली नसती." तुझा खोकी उचलण्याचा आवाज क्षणभर थांबला. मग पुन्हा सुरू झाला. तू दार हळू लावलंस. आपटलं असतंस तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी इंजेक्शनची तारीख आली. चिरंजीवांनी जाण्याआधी मला मोठ्या पडद्याचा फोन घेऊन दिला होता. मी चष्म्यावर भिंग धरून हॉस्पिटलच्या साइटवर गेले. पेशंट नंबर टाकला. पडद्यावर आलं, की आत जाण्यासाठी ओटीपी पाठवला आहे, अमुक अमुक आकड्यांनी संपणाऱ्या नंबरवर. तो तुझा नंबर होता. मी फोन पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली. घासलेली पुन्हा घासली. चिरंजीवांना विचारावं तर ते काय करणार, ओटीपी तर तुझ्याकडे. दुपारी चारपर्यंत पैसे भरले नाहीत तर वेळ दुसऱ्याला जाणार होती. साडेतीनला मी तुला फोन लावला. बोलायचं काय ते मनात घोटून ठेवलं होतं, आणि तू उचललास तेव्हा तोंडातून शब्दच फुटेना. तूच म्हणालीस, "लिहून घ्या," आणि आकडे सांगितलेस. कोरडे, सहाच्या सहा. मी "बरं" म्हटलं. वाटलं, संपलं. तेवढ्यात तू विचारलंस, "कोणत्या डोळ्याचं आहे?" मी म्हटलं, "डाव्याचं." तू म्हणालीस, "डाव्याचं जास्त दुखतं तुम्हाला. घरी आल्यावर लगेच पडा, आई."

आई म्हणालीस. मी फोन ठेवला तेव्हा पाच मिनिटं उलटून गेली होती आणि ओटीपी बाद झाला होता. दुसरा मागवायला पुन्हा तुलाच फोन करावा लागला. त्या खेपेला आपण दोघी हसलो. थोडंच, पण हसलो.

तेव्हापासून चार वर्षं, दर सहा आठवड्यांनी. पैसे नेहमी माझ्याच खात्यातून गेले, त्याबाबतीत तू मला एकदाही मिंधं केलं नाहीस. दिलेस ते आकडे, आणि प्रत्येक वेळी त्यांच्यापुढे थोडं आणखी काही. तुझ्या वडिलांचं पथ्यपाणी, तुमच्या ऑफिसातले ते साहेब ज्यांना नकाशा उलटा धरला तरी कळत नाही. बँक मला सारखी मेसेज पाठवते, की ओटीपी कोणालाही सांगू नका. आणि इथे एक सून, कागदोपत्री सून न राहिलेली, सासूला चार वर्षं ओटीपी सांगतेय. बँकेला कळलं तर दोघींना एकाच कोठडीत टाकतील. टाकू देत, गप्पा तरी होतील.

एकदा तू डोंगरावर कामाला होतीस आणि फोन लागेना. मी सकाळपासून सात वेळा लावला. शेवटी तुझाच आला, धापा टाकत, वाऱ्याच्या आवाजात. रेंज यावी म्हणून तू जीपच्या टपावर चढली होतीस आणि खालून तुझे सहकारी ओरडत होते, की बाई उतरा, पडाल. तू त्यांना म्हणालीस, "थांबा हो, माझ्या सासूबाईंचं इंजेक्शन आहे." माझ्या कानावर पडलं ते. माजी वगैरे काही म्हणाली नाहीस. मी ते चिरंजीवांनाही सांगितलं नाही, माझ्यापाशीच ठेवलं.

आणि गेल्या पावसाळ्यातला तो सोमवार. सकाळी उठले तर उजव्या डोळ्यापुढे शाई सांडल्यासारखा काळा डाग. मी तुला फोन करून ओटीपी मागितला, फक्त ओटीपी, आवाजात काही येऊ न देता. तू म्हणालीस, "आज सोमवार आहे. तारीख तर पुढच्या आठवड्यात. काय झालंय?" वीस मिनिटांत तू दारात होतीस, पायात चिखलाचे बूट. त्या घरात तू तीन वर्षांनी पाय ठेवत होतीस आणि तुला चपलांचं कपाट कुठे आहे ते विचारावं लागलं नाही. गाडीत तू एका हाताने माझं मनगट धरून ठेवलं होतंस. मला चौकशी करण्याइतकीही शुद्ध नव्हती, पण ते मनगट माझ्या लक्षात आहे. हॉस्पिटलात नर्सने फॉर्म भरताना विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?" तू थबकलीस. मग तू म्हणालीस, "यांचा ओटीपी माझ्याकडे येतो." नर्सने आपल्या दोघींकडे बघितलं आणि 'नातेवाईक' असं लिहिलं. शहाणी बाई.

आता कबुली देते. काउंटरवरचे ते टक्कलवाले गृहस्थ मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "आजी, नंबर बदलून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे, सही करा फक्त." मी म्हटलं, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी म्हटलं, चष्मा विसरले. चिरंजीव तर दर फोनला टोकायचे, "आई, तिला कशाला त्रास? नंबर बदल ना." मी हो हो म्हणायचे. इतकी वर्षं तुला वाटत असेल, की या म्हातारीला साधा नंबर बदलणं जमत नाही. जमत होतं गं. पण नंबर बदलला असता तर तुला फोन करायला माझ्याकडे दुसरं कोणतं कारण होतं? माफी मागायचं कारण होतं, पण तेवढी हिंमत नव्हती. म्हणून मी ओटीपी मागत राहिले. आता मागते. त्या दिवशी मी चुकले. नमतं मी घ्यायला हवं होतं, निदान दारापर्यंत तरी यायला हवं होतं.

यावेळी फोन तू उचलला नाहीस. एका पुरुषाचा आवाज आला. "तिचे हात पिठाचे आहेत, थांबा, मी सांगतो," म्हणाला, आणि त्याने आकडे सावकाश सांगितले, दोन-दोनच्या जोड्या करून, आणि मी लिहिलेले परत म्हणून घेतले. मग विचारलं, "यावेळी डावा ना? डाव्याला जास्त त्रास होतो ना तुम्हाला?" म्हणजे त्याला सगळं माहीत होतं. तुझ्या घरात माझ्या डोळ्यांबद्दल बोलणं होत होतं. मग तू फोन घेतलास आणि इतकी भराभर बोलायला लागलीस, की मला तुझा चेहरा दिसत नसूनही दिसला. तू काही सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. पण मी तुझी सासू आहे बाळा, आंधळी नाही. निदान अजून नाही.

म्हणून हे पत्र. मंगळवारी इंजेक्शन झाल्यावर मी काउंटरवर गेले आणि सही करून माझा नंबर लावून घेतला. मुख्याध्यापिकाबाईंनी फोनमधली अक्षरं मोठी करून दिली आहेत, दोनदा सराव झालाय, काल मी एकटीने साइटच्या आत जाऊन बाहेर आले. तेव्हा पुढच्या खेपेला तुझ्या फोनवर काही येणार नाही. आलं नाही म्हणून घाबरू नकोस, मला काही झालेलं नाही आणि मी रागावलेलीही नाही. मला फक्त तुझं नवं घर माझ्या इंजेक्शनच्या तारखांना बांधलेलं नको होतं. लग्न कर. खुशाल कर, माझ्याकडे न बघता कर. चिरंजीवांना मीच सांगितलं, ते म्हणाले, "चांगलं झालं, आई. खरंच." त्या आकडे सांगणाऱ्या माणसाला माझा आशीर्वाद सांग, म्हाताऱ्या माणसाशी कसं बोलावं हे ज्याला कळतं त्याच्यापाशी तू सुखी राहशील. लग्नाला बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी चालेल. नाही, खोटं कशाला लिहू? चालणार नाही. बोलाव.

तुझीच,
आई