खजुराच्या बिया

अब्बा, तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. काल धाकटीचा फोन आला. तुमच्या त्या अमेरिकन साहेबांच्या राज्यात पुन्हा गव्हर्नरची निवडणूक आहे म्हणे. "बोल, कोण?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दोघांपैकी कोणीतरी." ती खो खो हसली, "तू काय बदलायची नाहीस!" फोन ठेवल्यापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

आखातातल्या दुखान गावच्या, कंपनीच्या क्वार्टरमधलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. शाळेत जायच्या आधी तुम्ही आम्हाला तिथेच शिकवलंत, अम्मा भाकऱ्या थापत असताना. आम्ही शाळेत जाऊ लागलो तरी संध्याकाळचा तो तास चालूच राहिला. एकदा तुम्ही ऑफिसातून नवीनच गोष्ट आणलीत. तुमचे अमेरिकन साहेब दुपारी कॉम्प्युटरवर एक बाजार उघडून बसायचे. त्यांच्या राज्यात गव्हर्नर व्हायला एकाच पक्षाचे दोघे आधी आपसात लढत होते, आणि त्यातला कोण जिंकेल यावर लोक पैसे लावत होते. ज्याच्यावर जास्त भरवसा, त्याचा भाव चढा. "आपला राज्यपाल दिल्लीहून येतो, त्यांचा मतांनी येतो," तुम्ही समजावलंत. अम्मा तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "शर्त हराम आहे." तुम्ही म्हणालात, "पैसा लावणं हराम. डोकं लावायला कोण नको म्हणतो?"

मग खजुराच्या बिया धुऊन वाळवल्या. आम्हा दोघींना सारख्या वाटून दिल्यात, टेबलावर दोन बश्या, एकेका उमेदवाराची एकेक. तुम्ही साहेबांच्या पेपरातल्या बातम्या वाचून दाखवता, आम्ही बिया हलवतो. माझ्या बिया रोज निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. चुकलं तर, ही भीती. धाकटीनं तिसऱ्याच दिवशी सगळ्या बिया मागे पडलेल्या माणसाच्या बशीत ओतल्या. "का गो?" तुम्ही विचारलंत. "तो गावोगाव फिरतोय. दुसरा नुसता टीव्हीवर दिसतोय." तुम्ही टेबलावर थाप मारलीत. तिचं वाक्य कागदावर लिहून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना दाखवायला खिशातून ऑफिसला नेलंत. माझ्याकडे बघून म्हणालात, "बाय, दोन्हीकडे पाय ठेवणारा कुठेच पोचत नाही." तुम्ही प्रेमानंच म्हणालात. पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी आपण शहरातल्या नजमा भागात फुफीकडे गेलो. तुमची मोठी बहीण, आमची कुराणाची शिक्षिका, आणि तिच्यापुढे तुम्ही कधी आवाज चढवला नाही. धाकटी बाहेर खेळत होती. मी फुफीला अगदी हळू विचारलं, "बियांनी शर्त लावली तर गुनाह होतो का?" उत्तर मला नको होतं. ती काय करील हे मला ठाऊक होतं. जेवणावरून उठताना ती सगळ्यांसमोर तुम्हाला बोलली, "मुलींना घरात जुगार शिकवतोस? लाज नाही वाटत?"

परतताना गाडीत तुम्ही धाकटीला म्हणालात, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही." ती रडकुंडीला आली, "मी नाय सांगितलं, अब्बा!" "खलास. मोठी बघ, किती समजूतदार. एक शब्द बोलली नाही." मी खिडकीतून वाळवंट बघत होते. तुमची इतकी मोठी शाबासकी मला पहिल्यांदाच मिळत होती. मी ती घेतली.

घरी आल्यावर तुम्ही बिया कचऱ्यात टाकल्यात. पुढे तिचाच माणूस जिंकला. साहेबांनी तिच्यासाठी एक पेन पाठवलं, तुम्ही ते तिच्या हातात दिलंत. त्यानंतर त्या टेबलावर फक्त गणितं झाली, आणि दीड वर्षात तुम्ही गेलात.

मी स्वतःला कितीदा समजावलं की मला गुनाहची भीती वाटली होती. नव्हती वाटली, अब्बा. तुम्ही तिचा कागद नेलात, माझा नाही, एवढंच होतं.

हे खरं तर धाकटीला सांगायला हवं. काल फोनवर ओठांपर्यंत आलंही होतं. पण ती म्हणाली, "ते पेन अजून चालतं गो," आणि मला पुन्हा तिचा हेवा वाटला. मी विषय बदलला.