दोन डाव्या बाह्या

ता. २ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद व सलाम.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन लांबवलं तर उरलीसुरली नजरही जाईल. डावा आधीच गेल्यात जमा. टेलरचे डोळेच गेले तर राहिलं काय? हे फक्त तुला कळवतेय. इथल्या मंडळीत कोणाला लिहिलंस तर याद राख. प्रार्थनासभेत मी सगळ्यांसाठी मागते. माझ्यासाठी कोणी मागायची वेळ अजून आलेली नाही. भार प्रभूवर टाकलाय. चर्चच्या पाळकांच्या मुलीचा लग्नाचा झगा शिवून पुरा झाला, की बघू.

लोभ असू दे, तोंड मात्र बंद ठेव.
तुझी ताई

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सप्रेम सलाम.

भार प्रभूवर टाकलास, मग झोपण्याआधी कडी लागली का ते तीनतीनदा उठून कोण बघतं? मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लोक आत शिरतात, वरचा दोर तपासायला कोणी छतावर चढत नाही. तू देवाच्या लिफ्टमध्ये शिरतेस, पण एक पाय बाहेर ठेवून!

चेष्टा पुरे. मला भीती वाटते गं. आईमागे तूच मला वाढवलंस, आणि कोणाची मदत घेताना मी तुला कधी पाहिलं नाही. तो झगा समोरच्या टेलरबाईंना, तुझ्या त्या कात्रीबाईंना, देऊन टाक. तुमचं पटत नाही, ठाऊक आहे.

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझा बारक्या

ता. १७ फेब्रुवारी

चि. बारक्यास, आशीर्वाद.

झग्याच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या रे. साटीनची सुलटी बाजू कुठली हेच मला दिसलं नव्हतं. मुलगी बिचारी म्हणाली, जरासं घट्ट होतंय, एवढंच. ती गेल्यावर मी दुकानात बसून रडले.

मग झगा उचलला आणि रस्ता ओलांडला. वाटलं, कात्रीबाई आता जिभेने माझे तुकडे करणार. तिने बाह्या पाहिल्या, स्टूल पुढे सरकवलं आणि विचारलं, कधीपासून दिसत नाही?

परवा सभेत उभी राहिले. म्हटलं, या वेळी माझ्यासाठी मागा. आजवर देवापुढे वाकले रे, माणसांपुढे मात्र ताठच. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे.

आठवण ठेव, प्रार्थनेत तर ठेवच.
तुझी ताई

ता. २६ फेब्रुवारी

चि. बारक्यास, आशीर्वाद.

डोळ्यावर पट्टी आहे, म्हणून मी सांगतेय आणि कात्रीबाई लिहितेय. काल घरी सोडलं, तेव्हापासून ती इथेच आहे. पट्टी उद्या निघेल. दिसेल की नाही ते डॉक्टरही आत्ता सांगत नाहीत. भीती आहे, खोटं कशाला बोलू? पण आता ती एकटीची राहिली नाही. नवी उजवी बाही मी बोटांनी चाचपून पाहिली. सुरेख बसवलीय.

रजा मिळाली की ये.
तुझी ताई

ता. क. एवढं माझं. मला कात्रीबाई म्हणतात, हे आज त्यांच्याच तोंडून लिहून घेतलं! प्रार्थना मी म्हणत होते. 'आमेन'च्या आतच तुमच्या ताईंना झोप लागली. कडीचं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. मी लावली आहे.