माझा एक, तिचा सोळा

प्रिय ढब्बू,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते फाडून टाकलं नाहीस, म्हणजे निम्मं काम झालं. पस्तिशीच्या माणसाला ढब्बू म्हणू नये, असं तुझ्या आईने मला कितीदा बजावलंय. पण बापाने नऊ वर्षांत लिहिलेलं हे पहिलं पत्र, आणि दुसऱ्या नावाने तुला हाक मारायची मला सवयच नाही. तू लिफ्ट दुरुस्त करतोस, कामाला चोख आहेस, हे सगळं आईकडून कळतं. तुम्ही दोघं फोनवर बोलता तेव्हा मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसतो आणि काय काय ऐकू येतं ते ऐकतो.

आता बातमी. रविवारी संध्याकाळी इथे तालवाद्यांची मोठी मैफल आहे. देशोदेशीचे उस्ताद एका मंचावर, आणि त्यांत तबल्याला तुझा बाप! हसू नकोस. तालमी एका शाळेच्या व्यायामशाळेत चालतात, दोरखंड आणि गाद्या बाजूला सारून. एक ताडमाड गडी उभ्याने ढोल वाजवतो. एक म्हातारबा नुसत्या बोटांनी डफ असा बोलका करतात की मला माझ्या बोटांची लाज वाटते. आणि कुठल्याशा बेटावरून आलेली, साधारण माझ्याच वयाची एक बाई आहे. तिच्याकडे परातीएवढी काशाची घंटा, कापड गुंडाळलेल्या दांडक्याने वाजवायची. मी मनातल्या मनात तिला घंटाबाई म्हणतो.

पहिल्याच दिवशी सोळा मात्रांचं आवर्तन घेतलं. सगळ्यांनी मिळून एकपासून सुरुवात केली. तुला काय सांगायचं, फिरून पहिल्या मात्रेवर आलो की ती सम, आणि घंटा तिथेच पडायला हवी. बाईने ती एक मात्रा आधीच हाणली. दुसऱ्यांदाही तेच. माझं डोकं फिरलं. ते डोकं तुला ठाऊक आहे. सगळ्यांना थांबवून मी भर तालमीत म्हणालो की बाईंना मोजता येत नसेल तर त्यांनी आधी ऐकत बसावं. दुभाषी मुलगी चुळबुळली, पण तिने सांगितलं. बाई चिडली नाही. तिने बोटांवर मोजून दाखवलं. त्यांच्याकडे घंटा आवर्तनाच्या शेवटी पडते. मी जिथून निघतो, तिथे ती पोचते. जो माझा एक, तो तिचा सोळा. तिचं काहीच चुकलं नव्हतं, न विचारता बोलणारा दीडशहाणा मीच. मी सगळ्यांसमोर कान पकडले. तिने हसून माझ्या पाठीत धपाटा घातला. मग तिने पहिली घंटा माझ्या एकवर दिली, आपलं मोजणं तिथून पुढे धरलं, आणि सगळं जुळलं. या सगळ्याला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

घरी आलो तरी मन लागेना. तुझ्या बाबतीत मी हेच केलं होतं ना रे? भरल्या सभागृहात, आपल्या दोघांच्या चालू वादनात तुझ्या तबल्यावर हात ठेवला आणि माइकवरून म्हणालो, समेवर येता येत नसेल तर ऊठ. तू उठलास. दाराशी एवढंच म्हणालास की मी बरोबर होतो, बाबा. त्यावर मी तुला उद्धट म्हटलं. तू पुन्हा तबल्याला हात लावला नाहीस, आणि मी चारचौघांत सांगत फिरलो की पोराला शिस्त सोसली नाही.

सोबत एक पेन ड्राइव्ह आहे. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग बिघडलं असं मी सगळ्यांना सांगितलं, आईलासुद्धा. ते बिघडलं नव्हतं. आठवड्याभरातच मी ते ऐकलं, मोजत मोजत, दहादा तरी. अठराव्या मिनिटाला एक मात्रा खाल्ली गेली आहे. ती मी खाल्ली. पेटीवाला बिचारा माझ्या धाकाने माझ्यामागे सरकला. तू एकटा जागेवर राहिलास. इथे मोजायच्या दोन पद्धती वगैरे काही नव्हतं. सरळ चूक होती, माझी, आणि ती कळूनही मी नऊ वर्षं तोंड उघडलं नाही. आईला काल सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही, आणि ते बरोबरच आहे. रविवारी ये, असं म्हणायचं मला तोंड नाही. पण ते अठरावं मिनिट ऐक. तू समेवर होतास, बाळा.

तुझाच,
बाबा