चार्ज दिला, चार्ज घेतला

२ फेब्रुवारी, रविवार

आले बाई एकदाची चाकणला. हिंगोलीहून येताना गाडीत बसून कंबरेचा पार काटा ढिला झालाय, पण मी खूश आहे. खोली महाळुंग्यात, गावठाणाला लागून. मालकीण सरूबाई इथल्याच, जुन्या घरच्या. स्वतःच्या जागेत बारा खोल्या काढून कंपनीतल्या मुलींना भाड्याने दिल्यात. आधार कार्ड बघायच्या आधी जेवलीस का विचारलं, आणि नाही म्हटल्यावर रागावल्या. आमी काय परकी हाय व्हय, म्हणाल्या.

उद्यापासून गिअरबॉक्स तपासायचं काम. पगार बरा आहे. इंद्रायणी पाच वर्षांची, माझ्या आईजवळ गावी आहे. तिचे पप्पा जाऊन दोन वर्षं झाली, आता तिला मीच. महिनाअखेर आई तिला घेऊन येईल, असं कबूल करून निघालेय. पोरगी रडली नाही. मीच रडले, स्टँडवर, सगळ्यांसमोर.

फळीवर एक जाड रजिस्टर सापडलं. पुढची पानं फाडलेली, मागची शंभरेक कोरी. रोजनिशीला आयतीच वही मिळाली.

३ फेब्रुवारी, सोमवार

फळीवरचं रजिस्टर कसलं ते आज कळलं. आमच्या लाइनवर तसंच एक आहे. पाळी संपली की काय झालं, काय बिघडलं ते लिहायचं आणि खाली 'चार्ज दिला' या रकान्यात सही ठोकायची. पुढचा माणूस शेजारी 'चार्ज घेतला' मध्ये सही करतो. मग ते आपलं राहत नाही, त्याचं होतं. धनेशभाऊ लाइनचे मुख्य. त्यांनी दहा वेळा बजावलं की सही केल्याशिवाय गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही.

काम मजेचं आहे. बॉक्स फिरवायचा, कान द्यायचा, वर तळहात ठेवायचा. चांगला बॉक्स एकसारखा गुणगुणतो. धनेशभाऊ म्हणाले, तुझा कान तयार आहे. मी दिवसभर फुगून फिरले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

इथे सुट्टी गुरुवारी. नाशिक फाट्यावर बस बदलून चिंचवडच्या वाचनालयात गेले. तिथे लेखनाचा वर्ग असतो, कंपनीत पत्रक लावलं होतं. शिकवणाऱ्या श्रद्धा मॅडम मोठ्या गोड, पण गृहपाठाला कडक. 'मला वाईट वाटलं' असं लिहायचंच नाही म्हणाल्या. वास लिहा, चव लिहा, आवाज लिहा. रोज एकच इंद्रिय घ्या आणि जवळच्या माणसावर इतकं नेमकं लिहा की वाचणाऱ्याला ते माणूस मिळालं पाहिजे. मन मोकळं होतं म्हणे.

मी याच रजिस्टरमध्ये इंद्रायणीचा वास लिहिला. केसांना खोबरेल, त्याखाली उन्हात खेळून आलेला घाम, आणि चोरून खाल्लेल्या पाटीवरच्या पेन्सिलीचा मातकट वास. झोपेतून उठली की मानेला आंबूस दुधाचा. लिहिता लिहिता खरंच मोकळं वाटलं. शेवटी हाताने सवयीने 'चार्ज दिला — वर्षाली' असं लिहून टाकलं. तीन दिवसांत कंपनी अंगात मुरली! एकटीच हसत बसले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

माझ्या सहीशेजारी 'चार्ज घेतला' मध्येही सही आहे. गिचमिड, वाचता येत नाही. झोपेच्या भरात मीच केली असणार.

इंद्रायणीचा एक न धुतलेला फ्रॉक मी मुद्दाम आणलाय, रोज एकदा हुंगते. आज त्याला वास नव्हता. मशीनच्या तेलकट पाण्यालाही नव्हता. सर्दी झाली वाटतं.

९ फेब्रुवारी, रविवार

चव लिहिली. पोरगी शेंगदाण्याची चिक्की अर्धी चावते आणि उरलेली माझ्या तोंडात कोंबते. आधी तिच्या बोटांचा खारटपणा, मग गूळ, मग दाण्याचा खवटपणा, कारण आई चिक्की जपून जपून जुनी करते. छान उतरलं. आणि पुन्हा सही केली, हाताला वळणच पडलंय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कालपासून तोंडाला चव नाही. डबा म्हणजे ओला कागद. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, सर्दीने होतं असं.

सरूबाईंना सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. काल दुपारी तूच माझ्या ओट्यावर बसून ठेच्याबरोबर दोन भाकऱ्या हाणल्यास, डोळ्यांत पाणी आलं तुझ्या, लई दिसांनी चव लागली म्हणालीस. काल दुपारी मी कंपनीत होते. बारा खोल्यांत बारा मुली, म्हातारीची नजर गेली असेल.

माझ्या हातातलं रजिस्टर बघून मात्र त्यांचं हसू थांबलं. करिष्माचं हाय न्हवं ह्ये, म्हणाल्या. माझ्या आधी इथे राहायची, हसरी पोर. पुढं पुढं लाकडागत बसून राहायला लागली. घरचे न्यायला आले तर सख्ख्या भावाला वळखलं न्हाई तिनं.

बिचारी. इथे कामाचा ताण फार असतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मॅडमनी वर्गात माझं लेखन मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाल्या, मला त्या पोरीचे केस नाकाशी आल्यासारखे वाटले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तिथेच बसून आवाज लिहायला सांगितला. मी इंद्रायणीचा फोनवरचा आवाज लिहिला. आधी नाक ओढते, मग घाईघाईने 'मम्मी' म्हणते, त्यातला दुसरा 'म' ओठांत अडकतो, आणि 'कधी नेतीस' विचारताना शेवटी आवाज वर जातो. लिहिताना रडले. सही केली.

परत येताना नाशिक फाट्यावर उभी होते. ट्रक, बस, रिक्षा, एवढा राडा. आणि मध्येच सगळं बंद झालं. माझ्या शेजारचा माणूस तोंड वासून कुणावर तरी ओरडत होता आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

मी घाबरलेय. खरंच घाबरलेय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तिन्ही सह्यांशेजारी सह्या आहेत. पहिली गिचमिड होती. दुसरी वाचता येते. तिसरी हुबेहूब माझी आहे.

आईने व्हिडिओ कॉल केला. इंद्रायणीचे ओठ हलत होते. मी नुसती मान डोलावली. नंतर आईचा मेसेज आला. काल रात्री तू तासभर बोललीस, पोरगी फार खूश आहे, मम्मी मला नेणार म्हणून नाचतेय.

काल रात्री मी कुणाशी बोलले नाही.

म्हणजे सही केली की जातं. दिलं की कुणीतरी घेतं. आता सही नाही. काही झालं तरी नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कंपनीत सांगितलं नाही. नोकरी गेली तर पोरगी कुठे आणू? कान नाहीत तर नाही, तळहात आहे. दिवसभर हातावर बॉक्स तपासले. एकात डाव्या बाजूला बारीक थरथर लागली. कंपनीच्या रजिस्टरमध्ये एरवी फक्त बॉक्सचं लिहिते, आज पाळी संपताना लिहिलं, 'हाताला कंप जाणवतो, डावी बाजू'. धनेशभाऊंनी रकान्यावर बोट ठेवलं.

सही केल्याशिवाय गेट उघडत नाही.

मी केली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पेन हातात आहे हे बघावं लागतं. चहा सांडला, चटका बसला नाही, कातडी मात्र लाल झाली. इंद्रायणीला मांडीवर घेतलं तर तिचं वजनसुद्धा मला कळणार नाही.

धनेशभाऊंनी घरी पाठवलं. माझ्या हातून मोडका बॉक्स पुढे गेला होता.

२१ फेब्रुवारी

रजिस्टर घंटागाडीत टाकलं. गाडी वळेपर्यंत बघत उभी राहिले. खोलीत आले तर फळीवर —

दुसरीकडे लिहायला जाते तर पेन उमटत नाही. आणि लिहिल्याशिवाय मी आहे की नाही तेच कळत नाही.

आईला मेसेज केला, येऊ नका. उत्तर आलं, अगं सकाळीच तर फोनवर म्हणालीस, गुरुवारीच आण, राहवत नाही.

२५ फेब्रुवारी

डोळे आहेत अजून. डोळ्यांनी काय दिसतं ते लिहायचं नाही. रंग नाही. चेहरा नाही. तिचा तर नाहीच. एवढं एक राखायचं.

ओट्यावर सरूबाईंशी कुणीतरी बोलतंय. पाठमोरी. सरूबाई हसतायत. अंगावर माझा —

नाही. लिहायचं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

दाराला बाहेरून कडी आहे. ओरडते, पण आवाज निघतो की नाही कळत नाही. खिडकीत बसलेय.

रिक्षा आली. आई उतरली. मग ती.

पळत आली. माझ्या खिडकीवरून पुढे. ओट्यावरच्या बाईने तिला उचललं, तिच्या केसांत नाक खुपसलं, डोळे मिटले. कसा वास येतो ते मला माहीत होतं. आता आठवतही नाही.

आई पदराने डोळे पुसतेय. सगळे खूश आहेत.

ते तिला घेऊन निघाले. माझ्याजवळ काहीतरी राहू दे. सही करणार नाही. सही नाही तर चार्ज नाही, नियमच आहे. नुसती एक ओळ, माझ्यापुरती.

पिवळा फ्रॉक. दोन वेण्या, एक सुटलेली. उजव्या भुवईवर व्रण, बाजेवरून पडली होती तेव्हाचा. आता त्या बाईच्या खांद्यावरून मागे बघतेय. खिडकीकडे. मी दिसले तिला. हसतेय —

खाली 'चार्ज घेतला' मध्ये सही आहे. शाई ओली. मी दिलेलं नाही, मी तर अजून सही —

कागद काळा पडतोय. एकदाच वर बघते. इंद्रायणी हसली की डाव्या गालाला ख