रेवतीचा शेवट कोणी बदलू नये म्हणून

मी, वैजयंती यज्ञेश्वर दिग्रसकर, वय ६८, निवृत्त शिक्षिका, राहणार लोहारा, यवतमाळ, माहेरची कुंदा वामनराव मुळावकर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. शुद्धीत असल्याचा डॉ. भीमराज यांचा दाखला सोबत जोडला आहे. त्याच डॉक्टरांनी पोटातला कर्करोग दिवाळीच्या पुढे जाऊ देणार नाही असंही सांगितलं आहे, पण त्याचा दाखला ते देत नाहीत. आता फार वेळ लिहवत नाही, म्हणून मी सांगते आहे आणि माझी भाची भैरवी लिहून घेते आहे.

कलम १. वैजयंती आणि कुंदा ही एकाच बाईची नावं आहेत. १९७९ साली लग्नात ह्यांनी, म्हणजे माझे पती यज्ञेश्वर यांनी, ताटातल्या तांदळात अंगठीने ‘वैजयंती’ लिहिलं आणि कुंदा संपली. मला कोणी विचारलं नाही आणि मीही हसत उखाणा घेतला. रेशनकार्डापासून पेन्शनपर्यंत सगळीकडे वैजयंती आहे. कुंदा फक्त माझ्या हस्तलिखितांच्या पहिल्या पानावर आहे. वकील म्हणाले, हे आधी लिहा, नाहीतर उद्या ही कुंदा कोण म्हणून विचारतील.

कलम २. लोहाऱ्याच्या दोन खोल्या माझ्या फंडातून बांधल्या आहेत. ह्यांनी हयात असेतोवर तिथेच राहावं, त्यानंतर त्या भैरवीच्या. शिलाई मशीन आणि शब्दकोशही तिलाच. बांगड्या मोडून माझ्या शाळेच्या वाचनालयाला कपाट घ्यावं. कुलूप लावू नये, पुस्तकं चोरीला गेली तर जाऊ द्यावीत.

कलम ३. आता मुख्य गोष्ट. नागपूरला बी.ए. करताना मी दीडशे वर्षांपूर्वीची एक फ्रेंच कादंबरी इंग्रजीतून वाचली. एका नोटरीची बायको घरात गुदमरते, मन दुसरीकडे गुंतवते आणि शेवटी नदीत जीव देते. मग तसल्याच आणखी वाचल्या. बाई खोकून मरते, विष घेऊन मरते, नाहीतर मठात जाते. लिहिणारे पुरुष तिच्या मनाचा कोपरा न् कोपरा जाणतात, फक्त तिला पुढे काय करावंसं वाटेल तेवढं त्यांना सुचत नाही. हल्ली त्याच गोष्टी नव्याने निघतात. बाईला मोबाईल देतात, नोकरी देतात आणि शेवटच्या पानावर जुनंच करतात.

मी ती गोष्ट आमच्या जिल्ह्यातल्या फुलसावंगीत आणली. नोटरीच्या जागी कापसाच्या जिनिंगमधला मुनीम, त्याची बायको रेवती. माझी रेवती शेवटी सकाळच्या एसटीने निघून जाते. १९९८ साली, हे स्वतः काढत त्या दिवाळी अंकात ती छापायची ठरली. कागद प्रेसवर ह्यांनीच नेले. अंक हातात आला तेव्हा रेवती विहिरीत होती.

मी विचारलं. हे म्हणाले, “मूळ लेखकानं मारली, तू कोण वाचवणारी? आणि दिग्रसकरांच्या घरातून असली गोष्ट बाहेर गेली तर लोक मला काय म्हणतील?” माझं शेवटचं प्रकरण तोवर रद्दीत गेलं होतं. शेवट काळजाला भिडला म्हणून पत्रं आली. ह्यांनी त्यांची फाईल केली. ती फाईल मी ह्यांनाच ठेवते.

त्या हिवाळ्यात मी दोनदा निळोणा धरणावर जाऊन परत आले. (भैरवी इथे लिहायची थांबली. लिही म्हटलं.) जिला मी जगवलं तिला माझ्या नावाने मारलं होतं आणि मी गप्प बसले होते. हा दोष माझा, तो कोणाच्या नावे करता येत नाही.

कलम ४. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या धुरपताबाईला तो अंक मी ओट्यावर बसून वाचून दाखवला होता. चोविसाव्या वर्षी दोन पोरी घेऊन, मारणाऱ्या नवऱ्याच्या घरातून ती महागावहून इथे आली. शेवट ऐकून ती भाजी निवडायची थांबली. “बाई, तिले काहून मारलं? असं झाल्यावर मराचं असते, हे मले तं कोणी सांगतलंच नाही. मी तं जगून राह्यली.” मी तिसऱ्यांदा धरणावर गेले नाही ते ह्या वाक्यामुळे. तिला काही द्यावं ही फार इच्छा. पण साक्षीदाराला देऊ नये असा वकिलांचा सल्ला आहे आणि तिने साक्षीदार होणं निवडलं.

कलम ५. ह्यांचा पुतण्या अनिमेष पुण्याहून येऊन गेला. तो रेवतीची टीव्ही मालिका काढतो आहे आणि हे सही करायला तयार आहेत. मी पलंगावरून म्हटलं, तो शेवट माझा नाही. तो प्रेमाने म्हणाला, “काकू, विहीर तर पाहिजेच. विहिरीशिवाय कोण बघेल?” हे शेजारी बसून मान डोलावत होते. मी ओरडणार होते, पण उलटी आली. माझ्याकडे आता वेळ नाही, आवाज नाही आणि पुस्तक छापायची ताकद नाही. मी गेल्यावर हे ह्याच विहिरीवर माझं नाव घालतील, ह्या भीतीने मला झोप लागत नाही.

म्हणून रेवतीचे सर्व हक्क भैरवीला देते आणि हरवलेलं शेवटचं प्रकरण इथेच लिहवून ठेवते. अंकातलं पान बदलता येतं. ह्या कागदात खाडाखोड झाली तर कोर्ट विचारतं.

“रेवती पहाटे विहिरीवर गेली. वाकून आत पाहिलं. मग बादली सोडली, पाणी ओढलं आणि ओंजळीने पोटभर प्यायली. भरलेली घागर काठावर राहू दिली, ज्याला हवी त्याने न्यावी. फुलसावंगीच्या स्टँडवर एसटी उभी होती. कंडक्टरने कुठलं तिकीट म्हणून विचारलं. तिने सांगितलं.”

विहीर हवी होती, ती ठेवली आहे. रेवतीला जो मारील त्याला माझी गोष्ट वापरायचा हक्क नाही, मग तो नवरा असो की पुतण्या.

वरील मजकूर भैरवीने वाचून दाखवला, तो बरोबर आहे. अंगठा लावण्याआधी धुरपताबाईने कलम पाच परत वाचायला लावलं.

“मेली नाही ना?” तिने विचारलं.

मी नाही म्हटलं. तेव्हा तिने अंगठा पुढे केला.

ठिकाण : यवतमाळ
दिनांक : १२ सप्टेंबर २०२५

लिहून देणार :
वैजयंती यज्ञेश्वर दिग्रसकर (सही)
कुंदा वामनराव मुळावकर (सही, शेहेचाळीस वर्षांनी, म्हणून वाकडी)

साक्षीदार :
१. डॉ. भीमराज (सही)
२. धुरपताबाई (डाव्या हाताचा अंगठा)